काच पुसायचं घरगुती पाणी: पाच कृतींचा कस

आधी निकाल, मग कारणं.

५०० मिलीची रिकामी स्प्रे बाटली घ्या. तिच्यात ३५० मिली क्षार नसलेलं पाणी, १०० मिली ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ५० मिली पांढरं व्हिनेगर आणि अगदी शेवटी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घाला. बैठकीच्या खिडक्या, आरसे, शोकेसच्या काचा, बाल्कनीचं सरकतं दार, एवढ्या सगळ्याला हे मिश्रण पुरतं आणि काच दुकानातल्या निळ्या बाटलीइतकीच लख्ख निघते. पाचपैकी साडेचार गुण. नुसत्या व्हिनेगर-पाण्याला तीन, कॉर्नफ्लोअर घातलेल्या मिश्रणाला साडेतीन, लिंबू आणि सोड्याच्या जोडीला एक. अमोनियाचं मिश्रण काच उत्तम काढतं, तरी त्याला आम्ही गुणच देत नाही, कारण ते घरात आणू नये.

पहिल्या कृतीचा अर्धा गुण कापला तो स्वयंपाकघराच्या खिडकीपायी. तिथे तीच बाटली चालत नाही, प्रमाण बदलावं लागतं.

काचेवर मळ तीन प्रकारचा बसतो आणि प्रत्येकाला उतारा वेगळा आहे. धूळ नुसत्या पाण्याने निघते. फोडणीचा, उदबत्तीचा, बोटांचा तेलकट थर पाण्याला दाद देत नाही. त्याला अल्कोहोल किंवा लिक्विड साबण लागतो. पांढरे ठिपके म्हणजे पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते फक्त आम्लाने सुटतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या बहुतेक कृती यातलं एकच काम करतात आणि तिन्हींचा दावा करतात. व्हिनेगर तेल काढत नाही. अल्कोहोल क्षार काढत नाही. हे पक्कं लक्षात आलं की कोणाच्या बाटलीत काय कमी पडतंय ते वाचल्यावाचल्या कळतं.

खरा घोळ पाण्याचा

घरगुती मिश्रणात सत्तर टक्के पाणीच असतं आणि बहुतेकांची काच बिघडते ती त्या सत्तर टक्क्यांमुळे. साधा हिशेब करून पाहा. स्प्रे बाटलीचा घोडा एकदा दाबला की साधारण एक मिली द्रव बाहेर पडतो. मोठ्या तावदानावर दहा वेळा दाबलं तर दहा मिली. पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेल्या क्षारांचे मिलीग्रॅम, ६०० असेल, तर त्या दहा मिलीत ६ मिलीग्रॅम घन क्षार आहेत. फडकं त्यातले बरेचसे उचलतं, पण कडेला आणि कोपऱ्यात जिथे पाणी आपलं आपण वाळतं तिथे ते पांढऱ्या पट्ट्यांच्या रूपात मागे राहतात. मग माणूस व्हिनेगर वाढवतो, साबण वाढवतो, फडकं बदलतो, आणि पट्टे तसेच.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला योग्य ठरलेलं पाणी काचेला योग्य असेलच असं नाही. भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतून मुंबईला येणाऱ्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. तिथे नळाचं पाणी बाटलीत भरलं तरी फारसं बिघडत नाही. बोअरवर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत मात्र ते वापरूच नका. नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला, गिझरच्या पाइपाच्या तोंडाशी पांढरा थर धरत असेल तर वेगळी तपासणी करायचीही गरज नाही.

पर्याय सोपे आहेत. सगळ्यात खात्रीचं म्हणजे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात आणि बऱ्याच पेट्रोल पंपांवर ते मिळतं. घेताना कॅनवरचं लेबल नीट वाचा, कारण त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. घरात आरओ असेल तर त्याचं पाणीही चालतं. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात, धूळ आणि शेवाळाचे कण मात्र असतात. ते दुपदरी सुती कापडातून गाळून लगेच वापरावं, साठवू नये. पावसाचं पाणीही उत्तम. पहिल्या दोन-चार सरींनी छत धुऊन निघू द्या, मग भांडं लावा.

पाणी उकळून काम होईल का, हा प्रश्न हमखास येतो. अर्धवट होतं. उकळल्यावर बायकार्बोनेटच्या रूपातले क्षार तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी अलगद ओतून घेतलं तर थोडा फरक पडतो. सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपातले क्षार उकळूनही पाण्यातच राहतात, आणि पाणी आटल्यामुळे आणखी दाट होतात. तुरटी फिरवून गढूळपणा बसतो, क्षार कमी होत नाहीत. आणि व्हिनेगर घातलं की खारं पाणी ‘मारलं’ जातं हा समज तर साफ चुकीचा आहे. व्हिनेगर कॅल्शियम बायकार्बोनेटचं कॅल्शियम ॲसिटेट करतं. तोही क्षारच. पाणी वाळलं की तो काचेवर राहणारच.

घटक घेताना

व्हिनेगर पांढरं, पाण्यासारखं पारदर्शक हवं. किराणा दुकानात मिळणारं सिंथेटिक व्हिनेगर यासाठी सर्वांत चांगलं आणि सर्वांत स्वस्त. लेबलवर ॲसिडिटी ४ टक्के किंवा त्याच्या आसपास लिहिलेलं असतं. कॅरमलचा रंग घातलेलं तपकिरी व्हिनेगर नको, सफरचंदाचं तर नकोच. त्यातला रंग आणि उरलेली साखर काचेवर चिकटते. केमिकलच्या दुकानात ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड स्वस्तात मिळतं म्हणून कुणी ते आणून पातळ करायला जाऊ नये. ते जवळजवळ शुद्ध आम्ल आहे, कातडी भाजते आणि डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे दुकानदाराच्या भाषेत आयपीए. ७० टक्क्यांचं मेडिकलमध्ये मिळतं, ९९ टक्क्यांचं केमिकलच्या दुकानात. ९९ टक्क्यांचं असेल तर १०० मिलीऐवजी ७० मिली घ्या आणि ३० मिली पाणी जास्त घाला, गणित तेच राहतं. करोनाच्या काळापासून घराघरात सॅनिटायझरचे कॅन पडून आहेत आणि ते काचेवर संपवून टाकावेत असं अनेकांना वाटतं. चांगली काच खराब करायची असेल तरच. जेल सॅनिटायझरमध्ये दाटपणा आणणारा पदार्थ असतो. पातळ सॅनिटायझर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेलं असेल तर त्यात १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं, हात कोरडे पडू नयेत म्हणून. ते उडून जात नाही. काचेवर त्याचा चिकट पापुद्रा राहतो आणि दोन दिवसांत त्यावर धूळ बसते. सर्जिकल स्पिरिटचंही तसंच: काहींत थोडं एरंडेल मिसळलेलं असतं. घटक वाचल्याशिवाय घेऊ नका. रंगकामाचं डिनेचर्ड स्पिरिट टाळा, त्यात मिथेनॉल असू शकतं आणि बंद खोलीत फवारायची ती वस्तू नाही.

लिक्विड साबणाचे दोन थेंब म्हणजे खरोखर दोन थेंब. ‘थोडं जास्त घातलं तर जास्त निघेल’ हा विचार इथे उलटा पडतो. साबणाचं काम फक्त पाणी काचेवर थेंबाथेंबाने न थांबता सारखं पसरवणं एवढंच आहे. दोनाचे आठ थेंब झाले की काच उजेडात धरल्यावर सप्तरंगी झाक दिसते आणि ती घालवायला पुन्हा साध्या पाण्याने पुसावं लागतं. भांडी घासायच्या वडीचा किंवा अंगाच्या साबणाचा चुरा तर नकोच. अंगाचा साबण व्हिनेगरमध्ये फुटतो आणि त्यातली चरबी सुटी होऊन तेलकट तरंगते. क्षाराच्या पाण्यात त्याचा वेगळाच चिकट साका होतो. वडीत तर खडबडीत भुकटीही असते.

मिसळायचा क्रम असा: आधी पाणी, मग अल्कोहोल, मग व्हिनेगर, शेवटी थेंब. साबण आधी टाकून वरून पाणी ओतलं की फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत येतो आणि मोजमाप चुकतं. हलवू नका, दोनदा उलटीसुलटी केली की पुरे.

उरलेल्या चार कृती

निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी ही सगळ्यात जास्त सांगितली जाणारी कृती. बाथरूमची काच, पावसाळ्यानंतर बाहेरच्या बाजूला वाळलेले थेंब, समुद्राकाठच्या घरातला खारा थर यावर ती छान चालते. तेलाच्या बोटांवर ती फिरवली तर डाग फक्त इकडचा तिकडे सरकतो. शिवाय निम्मं व्हिनेगर रोजच्या पुसण्याला फार झालं. वास दहा-पंधरा मिनिटांत जातो, पण काच पुसणाऱ्याच्या नाकाला ती पंधरा मिनिटंही पुष्कळ वाटतात, आणि स्प्रेच्या घोड्याची आतली स्प्रिंग साध्या पोलादाची असेल तर काही महिन्यांत गंजते. तीन गुण, त्यातला एक स्वस्ताईचा.

कॉर्नफ्लोअरची कृती परदेशी घरगुती नुस्ख्यांतून आपल्याकडे आली: दोन कप पाणी, पाव कप व्हिनेगर, पाव कप अल्कोहोल, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर. फसवं नाही, खरंच चालतं. स्टार्चचे बारीक कण काचेवर अगदी हलकं घासकाम करतात आणि तेलाचा अंश शोषून घेतात. आरशावर तर याचा निकाल पहिल्या कृतीपेक्षाही किंचित सरस आहे. पण थंड पाण्यात स्टार्च विरघळत नाही, तळाशी बसतो. दर फवाऱ्याआधी बाटली हलवावी लागते, आणि काम संपल्यावर नळी न धुता ठेवली तर दुसऱ्या दिवशी नोझल बंद. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत हे पाणी ओघळलं की पांढरा लगदा साचतो आणि मुंग्या, झुरळं तिथे हजेरी लावतात. मोजक्या आरशांसाठी वाटीभर ताजं करा, फडक्यावर घेऊन वापरा, उरलेलं ओतून द्या. अख्ख्या घराच्या खिडक्यांना नको.

लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस दाखवणाऱ्या चित्रफिती भरपूर आहेत. फेस म्हणजे आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड. तो निघून गेल्यावर हातात उरतं ते सोडियम सायट्रेटचं पाणी आणि न विरघळलेला सोडा. म्हणजे क्षार काढायला आम्लच उरलं नाही, वर नवा क्षार आपणच लावला. लिंबाच्या रसात साखर आणि गर असतो, तो चिकटतो तो वेगळाच. व्हिनेगर आणि सोड्याच्या जोडीलाही हेच लागू. एक गुण दिला आहे तो सोड्याला, कारण खिडकीच्या पट्टीतला काळा चिखल सुटा करायला ओल्या ब्रशवर चिमूटभर सोडा बरा पडतो.

अमोनियाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. जुन्या पद्धतीच्या काच-क्लीनरांत तो असायचा, अजूनही काहींत असतो, आणि तेलकट थर काढण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही घरगुती नाही. पण आपल्याकडे केमिकलच्या दुकानात मिळतो तो लायकर अमोनिया सुमारे २५ टक्क्यांचा. बाटलीचं बूच उघडताच श्वास कोंडतो. ब्लीच किंवा क्लोरीनवाल्या टॉयलेट क्लीनरशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन वायू तयार होतो. काचेवरच्या सनफिल्मला, ॲल्युमिनियमला आणि पितळी कड्या-कोयंड्यांना तो खातो. म्हणून त्याचं प्रमाण इथे देत नाही. त्याच ओघात: व्हिनेगर आणि ब्लीचही कधी एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन सुटतो. बुरशीसाठी खिडकीच्या चौकटीला ब्लीच लावलं असेल तर ती भरपूर पाण्याने धुऊन, वाळल्यावर, दुसऱ्या दिवशीच काच घ्या.

स्वयंपाकघराची खिडकी

गॅसच्या ओट्याजवळच्या काचेवर जो पिवळसर चिकट थर बसतो तो नुसता तेलाचा नसतो. तेलाची वाफ उष्णतेने आणि हवेने घट्ट होत जाते, त्यात धूळ मिसळते, आणि काही महिन्यांनी ते जवळजवळ वार्निश होतं. इथे व्हिनेगर काढून टाका. ५०० मिलीत १५० मिली ७० टक्क्यांचं आयपीए, सहा थेंब लिक्विड, बाकी पाणी. फवारा, दोन मिनिटं थांबा, मग पुसा, आणि नंतर पहिल्या कृतीने एकदा हात फिरवा म्हणजे साबणाची झाक जाईल. फवारताना गॅस बंद आणि जवळच्या देवघरातला दिवाही शांत झालेला हवा. अल्कोहोल पाण्यात मिसळलेलं असलं तरी त्याचा बारीक फवारा आणि वाफ पेट घेऊ शकते. गॅससमोरच्या टायलांवरही हेच मिश्रण चालतं. वर्षभर न पुसलेला थर मात्र घरगुती पाण्याने जाणार नाही. त्याला बाजारातलं क्षारधर्मी (अल्कलाइन) किचन डीग्रीझरच घ्या; ते ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ओघळू न देता फडक्यावर घेऊन लावायचं.

पुसण्याची पद्धत

इथे हयगय केली तर वरची सगळी मोजमापं वाया जातात. काच सुकी पुसायला लागणं ही सर्वांत मोठी चूक. रस्त्याकडेच्या किंवा बांधकामाशेजारच्या खिडकीवर वाळू आणि सिमेंटचे कण असतात. वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं. कोरडं फडकं त्यावरून फिरवलं की बारीक ओरखडे पडतात, आणि ते कायमचे. आधी जाळी उतरवा, रंगकामाच्या जुन्या ब्रशने खालच्या पट्टीतली माती काढा, मग ओल्या स्पंजने किंवा मगभर पाण्याने काचेवरची धूळ ओघळू द्या. कबुतरांची विष्ठा असेल तर ती कधीही सुकी खरवडू नका. ती ओली करून मऊ झाल्यावर काढायची, तोंडावर मास्क बांधून, कारण तिची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

मग मिश्रण. दोन फूट बाय चार फुटांच्या तावदानाला चार-पाच फवारे पुरतात. फडकी दोन: एक ओलं पुसायला, दुसरं कोरडं चमकवायला. मायक्रोफायबर घेताना गाड्या पुसायचं जाड, झुपकेदार घेऊ नका; काचेसाठीचं आखूड विणीचं, सपाट फडकं वेगळं मिळतं. ते धुताना फॅब्रिक कंडिशनर वापरलं की त्याचा तेलकट अंश तंतूंना चिकटतो आणि पुढची काच धुरकट होते. अनेकांचं ‘मिश्रण चांगलं नाही’ हे प्रत्यक्षात ‘फडकं कंडिशनरमध्ये धुतलंय’ असतं. आतली बाजू आडवी पुसा, बाहेरची उभी. पट्टा राहिला तर तो कोणत्या बाजूला आहे हे दिशेवरून लगेच कळतं.

रद्दीच्या कागदाला आपल्याकडे मोठा मान आहे आणि तो पूर्णपणे अस्थानी नाही. कागद पाणी पटकन शोषतो, त्याची लव सुटत नाही. फक्त काळ्या छपाईची पानं घ्या; रंगीत पुरवणीचा गुळगुळीत कागद पाणी ओढत नाही. पांढऱ्या यूपीव्हीसी चौकटीला शाईचे डाग पडतात, त्यामुळे तिथे कागद टाळाच.

मोठ्या काचांना वायपरला पर्याय नाही. आजही वापरतात तो एकाच रबरी पट्टीचा वायपर एट्टोरे स्टेकोने या इटालियन-अमेरिकन कारागिराने १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात घडवला आणि व्यावसायिक मंडळींनी तेव्हापासून त्यात मूलभूत बदल केलेला नाही. वायपरने काढायचं असेल तर स्प्रे बाटलीचं मिश्रण नको. बादलीत पाच लिटर पाण्याला अर्धा चमचा लिक्विड घ्या. इथे साबण थोडा जास्त चालतो, कारण वायपर सगळं पाणी ओढून नेतो. काच स्पंजने पूर्ण ओली करा, वरची कड दोन सेंटीमीटर कोरडी पुसून घ्या, त्या कोरड्या पट्टीवर रबर टेकवा आणि सरळ खाली ओढा. पुढची ओढ आधीच्या ओढीवर दोन-तीन सेंटीमीटर चढलेली हवी. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसा. दर वेळी एकाच जागी बारीक रेघ राहत असेल तर रबराला तिथे खाच पडली आहे; पट्टी उलटी बसवा, नाहीतर बदला. स्वस्त वायपरात ती बदलताच येत नाही, म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी बदलता येणाऱ्या पट्टीचाच घ्या.

वेळही महत्त्वाची. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची काच दुपारी इतकी तापते की मिश्रण पुसायच्या आत उडून जातं आणि घटकांचे ठसे मागे राहतात. सकाळी लवकर किंवा काच सावलीत असताना काम करा, आणि अल्कोहोल १०० ऐवजी ५० मिली घ्या. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये उलट अडचण, काही वाळतच नाही. तिथे १५० मिलीपर्यंत वाढवायला हरकत नाही.

वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून पुसायचा प्रयत्न कुणीच करू नये, घरकामाला येणाऱ्या ताईंना तर सांगूही नये. हात पोहोचत नाही ती काच दांड्याच्या वायपरने घ्या किंवा दोरी, हार्नेस घेऊन येणाऱ्या माणसांवर सोपवा.

कुठे फवारू नये

हा भाग घरगुती कृतींच्या चर्चेत बहुतेक वेळा येतच नाही आणि नुकसान नेमकं इथेच होतं. खिडकीखालचा कट्टा पाहा. ग्रॅनाइट असेल तर काळजी नाही. संगमरवर, कडप्पा, शहाबाद किंवा कोटा असेल तर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. व्हिनेगरचा ओघळ त्यांची झिलई खातो आणि बोथट, फिके डाग पडतात. ते पुसून जात नाहीत, पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं. अशा कट्ट्यावर आधी ओलं जाड फडकं पसरा किंवा व्हिनेगर वगळूनच मिश्रण करा.

जुन्या वाड्यातल्या, बंगल्यातल्या लाकडी तावदानांना फ्रेंच पॉलिश असेल तर अल्कोहोल वगळा. ते पॉलिश लाखेचं असतं आणि स्पिरिटमध्येच विरघळवून लावलेलं असतं. आयपीएने ते परत मऊ होऊन चिकट होतं. सनफिल्म लावलेल्या काचेला पहिले ३० दिवस काहीच लावू नका, पुढेही फक्त साबणाचं पातळ पाणी आणि मऊ फडकं. ॲक्रिलिकच्या पत्र्याला अल्कोहोलने बारीक तडे जातात. टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल यांच्या पडद्यांवर वेगळा लेप असतो, ही बाटली त्यांच्यासाठी नाही. आरशावर थेट फवारू नका, फडक्यावर घ्या. खालच्या कडेतून ओल मागे शिरली की चांदीचा थर काळा पडत जातो.

दुकानातली बाटली की घरची?

कॉलिनसारख्या तयार क्लीनरमध्येही मुख्यतः पाणीच असतं, सोबत थोडा विद्रावक, थोडा साबणवर्गीय पदार्थ, रंग आणि सुवास. त्याची जमेची बाजू अशी की पाणी क्षारमुक्त असतं आणि साबणाचं प्रमाण दर बाटलीला सारखं असतं. क्षाराच्या पाण्याच्या गावात, डिस्टिल्ड वॉटर आणायची यातायात नको असेल, तर सरळ तयार बाटली घ्या. नळाच्या खाऱ्या पाण्यात केलेल्या घरगुती मिश्रणापेक्षा ती नक्कीच सरस ठरेल. दोन-तीन खिडक्यांच्या घराला घरगुती मिश्रणात फारसा फायदाही नाही, कारण व्हिनेगर आणि आयपीए पूर्ण बाटल्याच विकत घ्यावे लागतात. सगळ्यात महाग पडतं ते आयपीए. काचेची दुकानं, बुटीक, दवाखाना, बाल्कनीला पूर्ण काच असलेला फ्लॅट, जिथे महिन्याला लिटरच्या वर लागतं तिथे घरचं मिश्रण खरोखर परवडतं. आणि काय वापरतोय ते आपल्याला ठाऊक असतं. सुवासाने शिंका येणाऱ्या घरात हे कमी मोलाचं नाही.

नीलगिरीचं किंवा लव्हेंडरचं तेल घालून सुगंध आणायचा मोह टाळा. ते पाण्यात विरघळत नाही, काचेवर तेलाचा माग सोडतं.

पहिल्या कृतीचं मिश्रण झाकण घट्ट असेल तर काही महिने टिकतं. बाटलीवर घटक आणि तारीख लिहून चिकटवा; पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका, दिसायला ते पाण्यासारखंच असतं. मुलांच्या हाताला लागणार नाही, गॅसपासून आणि उन्हापासून लांब राहील अशा ठिकाणी ठेवा.

पांढरे डाग निघतच नसतील तर

बाथरूमच्या काचेवर किंवा ग्रिलमधून पाणी ओघळणाऱ्या तावदानावर जुने डाग असतील तर पातळ मिश्रणाला ते दाद देत नाहीत. व्हिनेगर न पातळ करता घ्या, टिश्यू पेपर त्यात भिजवून डागावर चिकटवा, पंधरा मिनिटं सुकू देऊ नका. नाहीतर कपभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवा. हे व्हिनेगरपेक्षा तिखट काम करतं आणि त्याला वासही नाही. मग न ओरखडणाऱ्या पांढऱ्या स्पंजने घासून भरपूर पाण्याने धुवा. भांड्यांचा हिरवा स्क्रबर आणि घासायची पावडर दूर ठेवा. सिमेंटचे किंवा रंगाचे शिंतोडे असतील तर काच ओली ठेवून नव्या ब्लेडचा स्क्रेपर एकाच दिशेने, तिरपा धरून चालवा. रिफ्लेक्टिव्ह लेपाच्या काचेवर मात्र ब्लेड लावू नका.

हे दोन-तीनदा करूनही धुरकटपणा राहिला, आणि त्यावरून नख फिरवल्यावर खरखर न लागता काच गुळगुळीतच लागली, तर वर थर उरलेला नाही. वर्षानुवर्षं साचलेल्या क्षारांनी काचेचा पृष्ठभागच खाल्ला आहे. तिथे व्हिनेगर वाढवून किंवा बाजारातलं जहाल ॲसिड आणून उपयोग नाही. सेरियम ऑक्साइडने काच पॉलिश करणारा कारागीर गाठा, नाहीतर तेवढं तावदान बदलून घ्या, आणि नव्या काचेवर ओघळणाऱ्या पाण्याची वाट आधी बंद करा.